कुलपातली अक्षरं

जयमालाबाई तांडेल यांना एक खोड होती आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती सुटली नाही. संगणकावरून कागद छापून निघाला की त्या तो टेबलावर तळहाताने सपाट करायच्या, पेनाचं टोपण काढायच्या आणि ज्या माणसाचा तो कागद, त्याचं नाव खालच्या कोऱ्या जागेत पुन्हा हाताने लिहायच्या. सुटं, ठळक, फळ्यावर लिहावं तसं. कचेरीतली नवी मंडळी हसायची. "बाई, वर छापलंय की! परत कशाला?" एका साहेबांनी तर अशाने कागद गचाळ दिसतो म्हणून शेराही मारला. बाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन उघडायच्या.

हसणाऱ्यांना वेवजीचा लाहू ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर हसले नसते, एवढं मी खात्रीने सांगतो.

बाई मूळच्या डहाणूजवळच्या आगर गावच्या. बापाची होडी, आई मासळी सुकवून डहाणूच्या बाजारात विकणारी. त्या घरात एक गोष्ट कटाक्षाने पाळत. होडी एकदा पाण्यात गेली की "कधी येणार?" असं कुणी तोंडातून काढायचं नाही. लहानपणी जयमालाने एकदा विचारलं, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की जन्मात विसरली नाही. बायका वाळूवर बोंबील वाळत घालायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या, पण डोळा सतत समुद्राकडे. विचारायचं मात्र नाही. बाई पुढे शिकल्या, डहाणूत विष्णू तांडेलांशी लग्न झालं, सरकारी नोकरदाराच्या घरात आल्या, आणि शहाऐंशी साली काविळीने विष्णू गेले तेव्हा त्यांच्या जागी टंकलेखिका म्हणून लागल्या. पदरात कल्पिता, तीन वर्षांची. नोकरी गेली तर पुढे काय, ही धास्ती त्या दिवसापासून त्यांच्या पोटात बसली ती बसलीच.

नेमणूक तलासरीत. हमरस्त्यालगतची कौलारू कचेरी. कोणत्या खात्याची ते विचारू नका, तेव्हाची माणसं अजून पेन्शन खाताहेत. बाई रोज डहाणूहून एसटीने यायच्या. दहा वर्षं टाइपरायटर बडवला आणि मग शहाण्णव साली संगणक आला. त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा, दाराबाहेर चपला काढायच्या. देवघरात सुद्धा इतकं सोवळं नसेल. दसऱ्याला शिपाई झिपरूने त्याची यथासांग पूजा केली आणि फ्लॉपीच्या फटीत चार अक्षता गेल्या, त्या पुढे इंजिनियरने चिमट्याने काढल्या.

पण ज्यापुढे अक्षतांचं काहीच वाटू नये असा प्रकार दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी घडला. वरून हुकूम आला की कचेरीत साफसफाई करा, निरुपयोगी जुने कागद काढून टाका. तेव्हाचे साहेब उत्साही. म्हणाले, कपाटं साफ करताय तर संगणकही करा. बाई हुकमाच्या ताबेदार. एकेक फोल्डर उघडायचा आणि मोठ्याने पुकारायचं, "हे कुणाचं?" ज्याचं असेल तो हात वर करायचा. मग विंडोजचा फोल्डर उघडला. आत शेकडो फायली, अगम्य इंग्रजी नावांच्या. "हे कुणाचं?" कुणाचंच नाही. पुन्हा विचारलं, नीट खात्री केली. बेवारस म्हणून सगळ्या पुसल्या. साहेबांनी शाबासकी दिली आणि मंडळी चहाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाचा पडदा काळा ठिक्कर, वर एक पांढरी ओळ. त्या वर्षीचं सगळं काम त्यात बुडालं.

यंत्र पुरवणाऱ्यांचा इंजिनियर सुदर्शन आला. पोरगेलासा होता, पण त्याने कपाळाला हात लावला तो म्हाताऱ्यासारखा. त्याने नवी विंडोज घातली आणि जाताना बाईंना समोर बसवून सांगितलं, "आता मी कुलूप घातलंय. तुमच्या फोल्डरात तुम्ही काय वाट्टेल ते करा. विंडोजच्या फोल्डरात तुम्हाला काही ठेवता येणार नाही, काही काढता येणार नाही. किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे." पडद्याच्या कडेला त्याने चिठ्ठी डकवली: सिस्टीममध्ये फेरफार करणाऱ्यावर कारवाई होईल. बाईंना त्यात अन्याय वाटला नाही. चूक आपली, कुलूपही आपल्यामुळेच, असंच त्यांचं म्हणणं. ती चिठ्ठी त्या रोज फडक्याने पुसायच्या.

आता लाहू. तलासरीकडच्या वेवजी गावची कितीतरी वारली माणसं पावसाळा सरला की गुजरातेत पोरबंदर-ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. लाहूही जायचा. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्याची बोट पाण्यातली हद्द ओलांडून गेली म्हणून पलीकडच्या गस्तीच्या बोटीने धरली आणि सगळे खलाशी कराचीच्या तुरुंगात पडले. पाण्यात कुंपण नसतं, हद्द कशी दिसणार? पण ते तुम्हाआम्हाला पटतं, बंदूकवाल्यांना कोण सांगणार! लाहूच्या घरी बायको हिरी आणि म्हातारी आई काळी.

अशा माणसांना सोडायचं ठरलं की आधी इकडून लिहून जावं लागतं: हा अमुक गावचा, अमक्याचा मुलगा, अंगावर अमुक खूण, आमचाच माणूस. ते लिहायचं काम बाईंच्या कचेरीकडे आलं. तेव्हापासून हिरी बाजाराच्या दिवशी कचेरीत येऊन भिंतीशी उकिडवी बसायची. बोलायची नाही. "कधी येल?" असं एकदाही तिने विचारलं नाही. नेमकं तेच बाईंना सोसेना. ही विचारत का नाही, हे आगरच्या पोरीला कुणी समजावून सांगायला नको होतं.

श्रावणात बाईंनी तलासरीकडच्या पाच खलाशांची माहिती टाइप केली. कागद सही-शिक्क्यानिशी ठाण्याला गेला, सोबत फ्लॉपी. गणपती उठले आणि बातमी आली की माणसं सुटली. शेजारच्या तालुक्यांतले खलाशी घरी पोचले. लाहूच्या बोटीवरचे गुजरातचे गडीसुद्धा पोचले. तलासरीचे पाचही जण तिकडेच.

बाईंनी ठाण्याला फोन लावला. तिकडचा माणूस सहज म्हणाला, "तुमची फ्लॉपी उघडली तर सगळी वळवळ हो. वाचताच येईना. आम्ही सगळ्या तालुक्यांच्या फ्लॉप्यांवरून एकच फाइल केली, त्यात तुमच्या ओळी घेता आल्या नाहीत."

"पण कागद होता ना सोबत! सही-शिक्क्याचा!"

"कागद फायलीला लावलाय की."

तेव्हा मराठी फॉन्ट ज्याचे त्याचे होते. ज्या कळीवर एकाने 'ल' बसवला, त्याच कळीवर दुसऱ्याचा अर्धा 'ष' किंवा नुसती वेलांटी. बाईंच्या यंत्रात एक फॉन्ट, ठाण्याच्या यंत्रात दुसरा. बाईंनी नीट लिहिलेला लाहू ठाण्यात जाऊन टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि उलटी प्रश्नचिन्हं झाला होता. बाईंनी फोन ठेवला. भिंतीशी हिरी बसलेलीच होती. तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? झिपरूने तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं. ती उठून गेली.

दिवाळीत काळी वारली. म्हातारी तापाने गेली असं लोक म्हणाले. बाईंना मात्र ती आपल्या फ्लॉपीने गेल्यासारखं वाटत राहिलं, आणि हे वाटणं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

डिसेंबरात टपालाने ठाण्याचं पाकीट आलं. आत एक फ्लॉपी आणि कडक शब्दांतलं पत्र: दुसरी तुकडी सुटण्याच्या बेतात आहे. माहिती सोबतच्या फाइलमध्ये, सोबतच्याच फॉन्टमध्ये भरून, फ्लॉपी दिलेल्या तारखेला कचेरी सुटण्याआधी ठाण्यात पोचवा. हाताने लिहिलेलं किंवा दुसऱ्या फॉन्टमधलं घेतलं जाणार नाही. ती तारीख आजचीच. पाकीट वाटेत कुठेतरी दोन दिवस झोपून आलं होतं.

साहेबांनी जीप द्यायचं कबूल केलं. हे नवे साहेब माणूस बरे, पण घड्याळाचे कडक. "अडीचला जीप निघाली पाहिजे. घोडबंदरला अडकली तर गेलंच सगळं. रामा, टाकी भरून ठेव." रामा म्हणजे ड्रायव्हर.

बाजाराचा दिवस होता. हिरी भिंतीशी होतीच.

बाईंनी फ्लॉपी घातली. फाइल उघडली. तीच वळवळ. साहजिकच, फॉन्ट अजून घालायचा होता. फ्लॉपीतला फॉन्ट उचलून त्यांनी फॉन्टांच्या फोल्डरात टाकला. यंत्राने टंग केलं. परवानगी नाही. पुन्हा टाकला, पुन्हा टंग. तो फोल्डर विंडोजच्या पोटात, आणि पोटाला सुदर्शनचं कुलूप.  कुलूप कशामुळे लागलं हे बाईंइतकं चांगलं कुणाला माहीत होतं?

सुदर्शनला फोन लावला. तो भिवंडीला गेला होता. तिथला नंबर मिळवला, तिथून दुसरीकडचा. शेवटी सापडला तोवर बारा वाजून गेले होते.

"पासवर्ड सांगा," बाई म्हणाल्या. "एवढा एक फॉन्ट घालते आणि विसरते. शप्पथ."

"बाई, फोनवर पासवर्ड द्यायचा नाही असा आमचा नियम आहे. आणि मागचं आठवतंय ना? मी परवा येतो."

"परवा काय उपयोग? माणसं तुरुंगात आहेत हो!"

 सुदर्शनचीही नोकरी होती. मग म्हणाला, "माझ्या साहेबांना विचारतो. ते आले की," आणि लाइन कटली. पुन्हा लागली नाही.

साहेबांनी आत डोकावून विचारलं, "झालं?" बाई म्हणाल्या, "होतंय." खोटं बोलल्या.

त्या खुर्चीत बसून राहिल्या. फॉन्टची फाइल त्यांनी आपल्या फोल्डरात घेतली, तेवढी मुभा होती. आता तिचं करायचं काय? कुलपाला हात लावायचा नाही, चिठ्ठी समोरच होती. काहीच सुचेना तेव्हा निदान अक्षरं दिसतात कशी ते बघू म्हणून त्यांनी त्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक खिडकी उघडली. वर फॉन्टचं नाव, खाली नमुन्याच्या ओळी, लहानापासून मोठ्यापर्यंत. अर्थ काही नाही, नुसती अक्षरं, पण मराठी. सुबक होती मेली. बाईंना रडू यायला लागलं. काचेआडचं पक्वान्न बघावं तसं ते बघणं होतं.

ती खिडकी तशीच ठेवून त्यांनी ठाण्याची फाइल पुन्हा उघडली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि फाइल वाचता येत होती. 'गाव', 'वडिलांचे नाव', 'शरीरावरील खूण', सगळं स्वच्छ.

बाईंनी डोळे पुसले. हात लावायची भीती वाटत होती. नमुन्याची खिडकी बंद केली आणि फाइल पुन्हा उघडली, तर वळवळ. खिडकी उघडली, फाइल उघडली, तर मराठी. असं आणखी एकदा करून बघितलं तेव्हा उमगलं. फॉन्ट कुलपाच्या आत ठेवायची गरजच नव्हती. ती नमुन्याची खिडकी जोवर उघडी, तोवर यंत्र तो फॉन्ट हाताशी धरून होतं. खिडकी मिटली की सोडून देत होतं. कुलूप जसंच्या तसं, आणि अक्षरं बाहेर.

"झिपरू!" बाईंनी हाक मारली. "दारात उभा राहा. कुणाला आत सोडू नकोस."

"साहेबाला पन?"

"साहेबांना सांग, पाच मिनिटं."

त्या टाइप करू लागल्या. ठाण्याच्या फॉन्टच्या कळा वेगळ्या. जिथे बोट सवयीने जाई तिथे दुसरंच अक्षर उमटे. बारा वर्षांच्या सवयीची बोटं, ती काय एका दुपारी ऐकणार? एकेक अक्षर चाचपत, पुसत, पुन्हा टाकत पहिला माणूस झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर होत्या आणि लाइट गेली.

बॅटरीच्या खोक्याने शिट्टी घातली. ते खोकं म्हातारं झालेलं. बाईंनी जपून ठेवायची, म्हणजे सेव्हची, कळ दाबली की नाही तोच त्याची शिट्टी बारीक झाली आणि सगळं विझलं. पंखा थांबला. बाहेर बाजाराचा गलका एकदम मोठा ऐकू येऊ लागला. बाई अंधाऱ्या पडद्यासमोर बसल्या होत्या आणि आपण कुणाला "कधी" असं विचारलं का, असलं काहीतरी वेडंवाकडं त्यांच्या मनात येत होतं. शिकलेली बाई, पण समुद्राकाठचं रक्त.

लाइट आली तेव्हा दीड वाजून गेला होता. यंत्र सुरू व्हायला नेहमीच वेळ घ्यायचं, त्या दिवशी तर त्याने अंतच पाहिला. फॉन्टची खिडकी उघडली. फाइल उघडली. तिसऱ्यापर्यंतची माणसं शाबूत होती.  तिसरा पुरा झाला, चौथा झाला. पाचवा लाहू.

लाहू. वडिलांचं नाव. गाव वेवजी. शरीरावरील खूण. बाईंनी श्रावणातला कागद बघितला. तिथे 'उजव्या हाताची करंगळी अर्धी' असं होतं. एकदम शंका आली. उजव्या की डाव्या? मागच्या वेळी झिपरूने हिरीला विचारून सांगितलं होतं, आणि समोर उभ्या माणसाचा उजवा आपला डावा होतो. हे चुकलं तर तिकडे हात बघतील आणि म्हणतील हा तो नव्हे.

"हिरीला आत बोलाव."

हिरी दारात आली आणि उंबऱ्याशी थांबली. तिच्या पायात चपला नव्हत्याच, तरी तिने पाय लुगड्याला पुसले. बाई म्हणाल्या, "लाहूची कुठल्या हाताची करंगळी तुटलीय?"

हिरीने डोळे मिटले. मग आपला उजवा हात वर केला, जणू त्या हाताने जेवतेय तशी बोटं जुळवली आणि करंगळी दुमडली. "यो हात. दोरात गेलेली. जेवताना भात गळं त्याचा, म्हनून आय त्याला हसं."

उजवाच. बाईंनी टाइप केलं. तेवढ्यात बाहेर झिपरूचा आवाज आला, "साहेब, बाय म्हनतं पाच मिनिटां..." आणि साहेब आत. चपला घालूनच.

"अडीच वाजले! काय चाललंय? आणि ही बाई आत कशी?" साहेबांची नजर पडद्यावर गेली. फाइलीच्या मागून नमुन्याची खिडकी डोकावत होती, निरर्थक अक्षरांची. "हे काय उघडून ठेवलंय? म्हणूनच मशीन हळू चालतं तुमचं." त्या खिडकीच्या कोपऱ्यात इंग्रजीत 'डन' लिहिलेलं बटण असतं. झालं, असं लिहिलेलं बटण दिसलं की साहेब लोकांचा हात आपसूक तिकडे जातो. साहेबांनी वाकून माउस धरला.

शेवटचा माणूस अजून जपून ठेवलेला नव्हता.

जयमालाबाईंनी साहेबांचं मनगट पकडलं. विनंती नाही, काही नाही, सरळ पकडलं, बाजारात पापलेट उचलून पळणाऱ्या मांजराला धरावं तसं. "हात लावायचा नाही!"

 झिपरूने तोंडावर हात ठेवला. बाईंना स्वतःचा हात दिसत होता, साहेबांच्या घड्याळाच्या पट्ट्यावर घट्ट बसलेला, आणि त्याच क्षणी कल्पिताची शाळेची फी, विष्णूंचा हार घातलेला फोटो आणि ती चिठ्ठी, सगळं एकदम डोळ्यापुढून गेलं. तरी हात त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या हाताने फाइल जपून ठेवली. फ्लॉपीवर घेतली. फ्लॉपीची फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचली, ओठ हलवत. मग हात सोडला.

"साहेब, ती खिडकी मिटली असती तर ही माणसं परत वळवळ झाली असती," त्या म्हणाल्या. "कुलपाला मी हात लावलेला नाही. मेमो द्यायचा तर द्या."

साहेब मनगट चोळत पडद्याकडे बघत राहिले. मग खाली स्वतःच्या चपलांकडे बघितलं. "रामाला बोलवा," एवढंच म्हणाले.

बाईंनी फ्लॉपी रामाच्या वरच्या खिशात आपल्या हाताने ठेवली. "रामा, तिथे देऊन लगेच फिरायचं नाही. तुझ्यासमोर उघडायला लाव. आणि वेवजीच्या माणसाचं नाव मोठ्याने वाचून घे. वाचलं नाही तर तिथून हलू नकोस."

"ते चिडतील ना बाई."

"चिडू देत."

जीप हमरस्त्याला लागली. बाई त्या दिवशी पाचच्या एसटीने घरी गेल्या नाहीत. हिरीही गेली नाही. दोघी कचेरीच्या पायरीवर बसल्या. झिपरूने चहा आणला, तो निवला. बाई आपल्या आईसारख्या रस्त्याकडे बघत बसल्या, आणि किती वाजता येईल हे दोघींपैकी कुणी बोललं नाही. अंधार पडला तेव्हा साहेबांना ठाण्याहून रामाचा फोन आला. साहेब स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "वाचलं त्यांनी. लाहू, वेवजी, करंगळी, सगळं वाचलं." हिरीला मराठी पुरतं कळत होतं, तरी तिने झिपरूकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग तिने पदर तोंडात कोंबला आणि ती रडली, त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच.

मेमो काही आला नाही. तिसऱ्या दिवशी सुदर्शन आला. त्याने कुलूप तपासलं, जागच्या जागी होतं. बाईंनी काय केलं ते ऐकून आधी तो हसला, मग खुर्ची ओढून बसला. त्याने पासवर्ड टाकला आणि फॉन्ट आत घातला. बाई बघत होत्या. पुरतं एक मिनिटही लागलं नाही. बाईंना तेव्हा जितकी चीड आली तितकी आयुष्यात कधी आली नव्हती. पण चिडायचं कुणावर? तो बिचारा बॅग आवरत होता.

होळीच्या आदल्या बाजाराला हिरी आली ती एकटी नव्हती. मागे एक सुकलेला, दाढी वाढलेला माणूस. त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. बाईंची नजर आधी त्याच्या उजव्या हातावर गेली. करंगळी अर्धी. ज्याला कधी बघितलं नाही तो माणूस बाईंनी अंगावरच्या खुणेवरून ओळखला, आणि उठून उभ्या राहिल्या.

हिरीने पानात बांधलेली मोहाची फुलं टेबलावर ठेवली. लाहू बसेना. उभ्याउभ्या सांगू लागला. तिकडे नावं पुकारून सोडतात. पहिल्या वेळी पुकारा झाला तेव्हा बोटीवरच्या गुजरातच्या गड्यांची नावं आली. "माना वाटला आता माझा. मी गाठोडा बांधून उभा. त्यांनी कागद मिटला. मी तसाच उभा रहलो, शिपाय ओरडला तवा बसलो. गाठोडा मंग सोडलाच नाय. दुसऱ्या टायमापर्यंत तसाच बांधलेला."

बाईंनी समोरचे छापलेले कागद बाजूला सारले.

"घरी आलो तं आय नाय." त्याचा आवाज रागाचा नव्हता, खरंच विचारणाऱ्याचा होता. "बाय, तूच लिवतस ना आमची नावां? पयल्या टायमाला माझा नाव कां नाय निघाला? तू लिवला नव्हता?"

एवढे महिने कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी ठरवलं असतं तर ठाण्याचं नाव सांगून मोकळ्या झाल्या असत्या, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या मशीनची अक्षरं ठाण्याच्या मशीनला वाचता आली नाहीत. म्हणून त्यांनी तुझं नाव सोडून दिलं. आणि इथे मशीनला कुलूप होतं, ते माझ्या चुकीमुळे लागलेलं."

लाहूने त्या झाकलेल्या यंत्राकडे बघितलं.  "मानसाला वाचता येत होता?"

"हो. कागदावर स्वच्छ होतं."

"मंग मानसानं कां नाय वाचला?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.  लाहू ओशाळला. बाईला रडवायला तो आला नव्हता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि टेबलावरच्या पेनाकडे बोट केलं, त्या अर्ध्या बोटाच्या हाताने. "तुज्या हाताना लिव ना एकदा. माना बघायचाय माझा नाव कसा दिसतंय ते."

बाईंनी कोरा कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं. सावकाश, सुटं, ठळक लिहिलं. लाहूने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, हिरीला दाखवला. मग चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि चपला घालायला बाहेर गेला.

टेबलावर त्या दिवशीचे छापलेले कागद सहीला जायचे होते. बाईंनी ते परत आपल्याकडे ओढले आणि पेन मिटलं नाही.